मेअरकात्से म्हणजे मर्कट? एका जर्मन जोडशब्दाची उलटतपासणी

उलटसुलट

कायप्पावर (व्हॉट्सअॅपवर) सध्या एक ढकलपत्र फिरतंय. जर्मन भाषेत माकडाच्या एका जातीला 'मेअरकात्से' म्हणतात, हा शब्द म्हणजे आपला 'मर्कट', सबब जर्मन ही संस्कृतची लेक. खाली ध्वज, हात जोडलेले, 'अभिमान असेल तर पुढे पाठवा'. आमच्या तीन गटांत आलं, त्यातला एक तर सोसायटीच्या पाण्याच्या टँकरचा गट आहे.

शब्द खरा आहे. मेअरकात्से म्हणजे आफ्रिकेतली लांब शेपटीची, सडपातळ माकडं. इथल्या जर्मन प्राणिसंग्रहालयात पिंजऱ्यावर तशी पाटीच असते: हिरवी मेअरकात्से, डायना मेअरकात्से वगैरे. 'मेअर' म्हणजे समुद्र आणि 'कात्से' म्हणजे मांजर. समुद्रमांजर! आता माकडाला समुद्रमांजर म्हणायचं कारण काय, हे कोणालाही पटकन सुचत नाही, आणि तिथेच 'मर्कट'वाल्यांना फट सापडते. त्यांचं म्हणणं असं की मूळ शब्द परका होता, जर्मनांना तो कळला नाही, म्हणून त्यांनी आपल्या ओळखीच्या दोन शब्दांत तो बसवला.

हा युक्तिवाद वेडगळ नाही. भाषा असं करतातच. हॅमॉक हा शब्द कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा, 'हमाका'. तो स्पॅनिशमधून फिरत फिरत डचांकडे आला आणि त्यांनी त्याची 'हँगमाट' करून टाकली, म्हणजे टांगलेली चटई. जर्मनांनी ती 'हेंगेमाटे' म्हणून जशीच्या तशी उचलली. आज एकाही जर्मन माणसाला तो परका शब्द वाटत नाही, कारण वस्तू खरंच टांगलेली असते. या प्रकाराला 'फोल्क्सएटिमोलोगी' म्हणजे लोकव्युत्पत्ती हे नावही जर्मनांनीच दिलं. एर्न्स्ट फ्योर्स्टेमान या ग्रंथपालाने 1852 मध्ये त्यावर लेख लिहिला होता.

तर प्रश्न असा: मेअरकात्से ही हेंगेमाटेसारखी गोष्ट आहे का? माझं मत 'नाही' असं आहे. पण का नाही, हे सांगायला नुसतं 'छे, काहीतरीच' पुरणार नाही.

पहिली गोष्ट, शब्दाचं वय. जुन्या उच्च जर्मनमध्ये, म्हणजे आजच्या प्रमाण जर्मनच्या मध्ययुगीन पूर्वजात, 'मेरिकात्सा' हे रूप दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमाराला मिळतं. वास्को द गामा कालिकतला पोचला 1498 मध्ये. म्हणजे मधली चार-पाचशे वर्षं आधीच हा शब्द जर्मन मठातल्या साधूंच्या वह्यांत बसलेला आहे. मग तो भारतातून गेला कसा?

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. आपल्याकडून युरोपात गेलेले जुने शब्द वाटेत पावलं उमटवत गेलेत. आलं घ्या. संस्कृत शृंगवेर, पालीत सिंगिवेर, ग्रीकमध्ये झिंगिबेरिस, लॅटिनमध्ये झिंगिबेर, आणि जर्मनमध्ये शेवटी 'इंगवर'. पिप्पलीचं ग्रीकमध्ये पेपेरी, लॅटिनमध्ये पिपेर, जर्मनमध्ये 'फेफर'. शर्करा फारसीत शकर, अरबीत सुक्कर, इटालियनमध्ये झुक्केरो, जर्मनमध्ये 'त्सुकर'. प्रत्येक मुक्कामाची पावती हातात आहे. आता मर्कट शोधा. फारसीत? नाही. अरबीत माकडाला किर्द. ग्रीकमध्ये पिथेकोस. लॅटिनमध्ये सिमिया. मर्कट नावाचा प्रवासी भारतातून निघाला आणि मधल्या कुठल्याच धर्मशाळेत न उतरता थेट ऱ्हाइनकाठी प्रकटला, असं मानावं लागतं. मारुतीरायाला ते जमेल, शब्दाला जमत नाही.

या मंचावर जर्मन शिकलेली, शिकवणारी मंडळी आहेत. भर घाला, खोडून काढा.

तिरकस_नाना

आलात का पाश्चात्त्यांची तळी उचलायला! पुरावा मिळाला नाही म्हणजे घटना घडलीच नाही असं कसं? नालंदेच्या ग्रंथालयाबरोबर किती पावत्या जळल्या ते कोणाला ठाऊक? म-र-क-ट आणि म-र-क-त्स. चारही व्यंजनं ओळीने जुळतात. याला योगायोग म्हणायला फार मोठं धाडस लागतं. आणि माक्स म्युलर उगाच नाही वेदांच्या मागे लागला.

मुक्तछंद

नाना, माक्स म्युलर जन्मला 1823 साली. मेरिकात्सा त्याच्या आधी निदान आठशे वर्षं. त्याला या भानगडीत ओढू नका, त्याच्या नावाने पुण्यात आमचे वर्ग चालतात. :)

व्यंजनं जुळतात या मुद्द्याबद्दल मात्र बोलायला हवं, कारण तो ऐकायला बिनतोड वाटतो. संस्कृत आणि जर्मन नात्यातल्या भाषा आहेत हे खरंच आहे, आणि नेमकं त्यामुळेच हे जुळणं संशयास्पद आहे. नात्यातल्या शब्दांत संस्कृतच्या 'क'समोर जर्मॅनिकमध्ये (जर्मन-डच-इंग्रजीच्या घराण्यात) 'क' येत नाही, 'ह' येतो. वेदात क्रविस् म्हणजे कच्चं मांस. त्याचा जर्मन भाऊ आहे 'रो', म्हणजे कच्चा; जुन्या जर्मनमध्ये त्याच्या सुरुवातीला 'ह' होता, पुढे तो गळला. हा ग्रिमचा नियम, परीकथावाल्या दोन भावांपैकी याकोबचा. म्हणजे मर्कट आणि मेअरकात्से सख्खे चुलत असते, तर 'क'च्या जागी काहीतरी वेगळं दिसायला हवं होतं. इतका सारखा चेहरा चुलतभावांत नसतो.

मग राहिली उसनवारी. तिथे 'त्स' आडवा येतो. उच्च जर्मनमध्ये साधारण सहाव्या ते आठव्या शतकात 'ट'चे 'त्स' आणि 'स' झाले. इंग्रजी कॅट, डच काट, जर्मन कात्से. इंग्रजी वॉटर, जर्मन वासर. डचमध्ये हा बदल झालाच नाही, म्हणून तिथे आपला शब्द 'मेअरकाट' आहे. डच-जर्मन जोडी मांजराच्या जोडीशी अक्षरशः तंतोतंत चालते. शेवटचा तुकडा सुरुवातीपासून मांजरच होतं असं मानलं की हे सगळं आपोआप सुटतं.

अबोली

मला एक बाळबोध शंका आहे, हसू नका. मी जर्मनच्या बी-वन पातळीला आहे. आम्हाला शिकवलंय की 'मेअर' म्हणजे समुद्र आणि 'झे' म्हणजे तळं. पण 'नॉर्डझे' हा तर समुद्र आहे ना? आणि डच मैत्रीण म्हणते, तिच्याकडे मेअर म्हणजे तळं. मग हे माकड समुद्राचं की तळ्याचं?

मुक्तछंद

अबोली, शंका चांगली आहे. 'डेअर झे' पुल्लिंगी असेल तर तळं, 'डी झे' स्त्रीलिंगी असेल तर समुद्र. नॉर्डझे स्त्रीलिंगी. डचांनी याच्या बरोबर उलट केलं: झे म्हणजे समुद्र, मेअर म्हणजे तळं. जुन्या काळी दोन्ही शब्द नुसतेच 'मोठं पाणी' या अर्थाने वापरात असावेत, पुढे वाटण्या वेगवेगळ्या झाल्या. मेअरकात्सेमध्ये समुद्रच आहे. परीक्षेत लिंग चुकलं तर अर्धा गुण जातो, बोटीत चुकलं तर जास्त जातं.

बखरवाला

समुद्रमांजर का, याचं उत्तर मला तरी सरळ वाटतं. मध्ययुगीन जर्मनीत माकड जंगलात दिसत नव्हतं. ते यायचं व्यापाऱ्याबरोबर, जहाजातून, भूमध्य समुद्रापलीकडून. समुद्रापलीकडून आलं ते 'मेअर'चं. आपण नाही का बाहेरून आलेल्या वस्तूला 'विलायती' लावत? विलायती चिंच काही लंडनला पिकत नाही.

जर्मनमध्ये ही 'मेअर' लावायची खोड जुनी आहे. गिनीपिगला 'मेअरश्वाइनशन' म्हणतात, समुद्राचं डुकरू. ते दक्षिण अमेरिकेतलं, सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी आणलेलं. त्याहून गंमत अशी की 'मेरिस्वीन' हा शब्द आधीपासून होता आणि त्याचा अर्थ होता डॉल्फिन! डॉल्फिनला डुकराचं नाव खुद्द पाण्यातल्या वावरामुळे, गिनीपिगला पाणी ओलांडून आल्यामुळे.

आणि मांजर का? शेपूट. युरोपला जी माकडं आधी माहीत होती त्यात बिनशेपटीची बार्बरी माकडंही होती. त्यांच्यासाठी 'आफ्फे' हा शब्द होताच. शेपटीवाल्या, चपळ, झाडावरून झाडावर जाणाऱ्या प्राण्याला मांजराचं नाव देणारे एकटे जर्मन नव्हते. इटालियनमध्ये 'गात्तो मम्मोने' आहे. गात्तो म्हणजे बोका, आणि मम्मोने हे अरबी 'मैमून'वरून आलेलं. मैमूनचा मूळ अर्थ शुभ, भाग्यवान. पण फारसी-तुर्कीत माकडालाच तो शब्द पडला. म्हणजे गात्तो मम्मोने = माकडबोका. पुढे लोक माकड विसरले आणि इटालियन लोककथांत तो एक अवाढव्य जादूचा बोका होऊन बसला.

आता हा मैमून बघा. अरबी, फारसी, तुर्की, इटालियन, सगळीकडे पावलं आहेत. मूळ लेखात उलटसुलट यांचा मुद्दा होता तो हाच. माकड युरोपात गेलं तेव्हा आशियाई नाव घेऊनही गेलं, फक्त ते नाव मर्कट नव्हतं.

तिरकस_नाना

बरं, मर्कट नाही तर नाही. 'कपि'चं काय? सॉलोमन राजाच्या जहाजांतून माकडं गेली होती ना भारतातून? ते तर बायबलातच लिहिलंय, माझ्या पदरचं नाही.

बखरवाला

नाना, हा मुद्दा मात्र दमदार आहे. जुन्या करारात राजांच्या पहिल्या पुस्तकात आहे: दर तीन वर्षांनी जहाजं सोनं, रुपं, हस्तिदंत, माकडं आणि मोर घेऊन येत. तिथे माकडांसाठी हिब्रू शब्द आहे 'कोफ', अनेकवचन 'कोफीम'. त्याचं कपिशी नातं अनेक अभ्यासकांनी जोडलंय. ग्रीकमध्येही एका लांब शेपटीच्या माकडाला 'केपोस' म्हणत. पण प्राचीन इजिप्शियनमध्येही तसाच शब्द सापडतो, त्यामुळे कोणी कोणाकडून घेतला यावर वाद आहे. सॉलोमनचं सोनं ज्या ओफीरहून यायचं ते आपलं सोपारा, असं म्हणणारे आहेत. ओफीर अरबस्तानात आणि आफ्रिकेत शोधणारेही आहेत. सोपाऱ्याला अशोकाचा शिलालेख सापडला आणि बंदर प्राचीन होतं, इतकं नक्की.

तरी मेअरकात्सेशी याचा संबंध शून्य, हेही सांगून ठेवतो. नाहीतर उद्या तेही ढकलपत्रात दिसेल.

गाळीव_रत्न

आधीच मर्कट, तशातही जर्मन प्याला.

(चालू द्या, वाचतोय.)

कातळशिल्प

लोकव्युत्पत्तीत समुद्र घुसायची एक घरची गोष्ट सांगतो. माझ्या लहानपणी राजापुरात पावसाळा संपला की कल्हईवाला यायचा. जमिनीत खड्डा करून भाता लावायचा, तांब्या-पितळेची भांडी लाल होईस्तो तापवायचा. मग नवसागराची चिमूट आत टाकली की भपकन पांढरा धूर उठायचा आणि नाकात झणका जायचा. लगेच कथलाची कांडी टेकवून चिंधीने गरगर फिरवली की काळं भांडं आतून चांदीसारखं. नवसागर तांब्यावरचा गंज खातो, म्हणून कथील धरतं.

आता 'नवसागर' या नावात सागर कुठून आला? फारसीत त्या क्षाराला नोशादर म्हणतात, हिंदीत नौसादर. मराठी कानाने त्याचा नवा सागर केला. त्या पांढऱ्या खड्याचा समुद्राशी काडीचा संबंध नाही. कोणी उद्या म्हणालं की 'नऊ सागरांचं मीठ म्हणून नवसागर', तर आपल्याला पटेलही! म्हणून मला मूळ लेखातला लोकव्युत्पत्तीचा मुद्दा जास्त आवडला. 'मेअर' घुसवलेला असू शकतो, ही शंका घेणं रास्तच. तपासायचं मात्र दर वेळी वेगळं.

मुक्तछंद

कातळशिल्प, नवसागराला दंडवत! वर्गात वापरणार.

याला जोडून जर्मनमधलं उदाहरण, कारण घुसवलेले शब्द कसे ओळखायचे ते यात छान दिसतं. चिचुंद्रीसारखा दिसणारा, जमीन पोखरणारा तो मोल नावाचा प्राणी जर्मनमध्ये 'माउलवुर्फ' आहे. माउल म्हणजे जनावराचं तोंड, वुर्फ म्हणजे फेक. तोंडाने माती फेकणारा. बागेत पाहिलं तर कळतं, तो पुढच्या फावड्यासारख्या पंजांनी माती ढकलतो, तोंडाने नाही. जुनी रूपं काढली की उलगडतं. सर्वांत आधी 'मूवेर्फ', ढीग टाकणारा. 'मू'चा अर्थ लोक विसरले, मग 'मोल्टवेर्फ' केलं, मोल्टे म्हणजे माती. तोही शब्द वापरातून गेला, तेव्हा माउल आलं. एकाच प्राण्याच्या नावाची दोनदा डागडुजी, आणि प्रत्येक पायरी लिखित स्वरूपात हाताशी आहे.

'फ्रीडहोफ' म्हणजे दफनभूमी, तिचंही तसंच. सगळ्यांना वाटतं फ्रीडे म्हणजे शांती, म्हणून शांतीचं अंगण. मूळ 'फ्रीटहोफ' म्हणजे कुंपण घातलेलं, राखलेलं आवार. चर्चभोवतीचं.

मेअरकात्सेच्या बाबतीत अशी जुनी, वेगळी दिसणारी पायरीच नाही. पहिल्यांदा दिसतो तेव्हापासून तो 'मेरि' अधिक 'कात्सा' असाच आहे.

आणि बोलणाऱ्यांच्या मनात त्यातलं मांजर किती जिवंत होतं, हे बघायचं असेल तर ग्योथेच्या 'फाउस्ट'मध्ये जा, 1808 चा पहिला भाग. चेटकिणीच्या स्वयंपाकघराचा प्रवेश आहे. मोठ्या कढईपाशी एक मेअरकात्से बसलीय, वरचा फेस काढतेय, उतू जाऊ नये म्हणून राखण करतेय. शेजारी तिचा नर पिल्लांसकट शेक घेत बसलाय. त्या नराला ग्योथे काय म्हणतो? 'मेअरकाटर'. काटर म्हणजे बोका! माकडाच्या नराला त्याने बिनदिक्कत समुद्रबोका केलाय. पुण्यात हा उतारा शिकवताना अर्धा तास यातच जातो. मुलांना वाटतं स्टेजवर मांजरं आहेत.

अबोली

थांबा थांबा, मग इंग्रजीतलं मीरकॅट? ते दोन पायांवर उभं राहून टेहळणी करणारं, वाळवंटातलं? तेही हेच का? ते ना माकड, ना मांजर, ना समुद्रातलं.

उलटसुलट

अबोली, तिथेच तर खरी धमाल आहे. डचांचा मेअरकाट हा मूळ जर्मनसारखाच माकडाचा शब्द. 1652 मध्ये यान फान रीबेकने आफ्रिकेच्या दक्षिण टोकाशी, केपला, डच कंपनीचं ठाणं वसवलं. तिथल्या डच वसाहतवाल्यांच्या तोंडी हे नाव त्या टेहळ्या प्राण्याला चिकटलं, आणि त्यांच्या डचमधून घडलेल्या आफ्रिकान्स भाषेतून इंग्रजीत गेलं. खुद्द नेदरलँडमध्ये मात्र त्याच प्राण्याला 'स्टोकस्टार्त्ये' म्हणतात, म्हणजे काठीसारखी शेपटी. जर्मनमध्ये तो 'एर्डमेन्शन', मातीतला छोटा माणूस. त्यामुळे इंग्रजी येणारा पर्यटक इथे 'मेअरकात्से' पाटी वाचून टेहळ्यांना शोधत जातो आणि समोर माकडं बघतो. हमखास.

या बाबतीत एर्डमेन्शन मला सरस वाटतं. बिळाबाहेर रांगेने उभे राहिले की खरंच सोसायटीचे वॉचमन वाटतात.

तिरकस_नाना

म्हणजे डचांनी माकडाचं नाव भलत्याला दिलं ते चालतं, जर्मनांनी मर्कट घेतला ते चालत नाही! ठीक. माझं मत कायम आहे. आणि एक सांगा, 'मकाक' हा तरी माकडावरून ना? की तोही योगायोग?

बखरवाला

तोही योगायोग, नाना. :( मकाक आला पोर्तुगीज 'मकाको'वरून, आणि पोर्तुगीजांनी तो उचलला मध्य-पश्चिम आफ्रिकेतल्या बांटू भाषांतून. तिथे 'मा' हा अनेकवचनाचा उपसर्ग आहे आणि 'काकू' म्हणजे माकड. आपलं माकड मर्कटाचं प्राकृत मक्कड होऊन आलेलं. दोन वेगळ्या खंडांतले दोन शब्द, आणि आपल्या गडांवरची पिशव्या पळवणारी लालतोंडी माकडं शास्त्रीय भाषेत मकाकच ठरली. जुळून आलं म्हणायचं.

कातळशिल्प

नानांचं मन राखायला एक मुद्दा. तो टेहळ्या प्राणी, मीरकॅट, कुठल्या कुळातला? मुंगसाच्या! आणि मुंगसाला इंग्रजीत 'मंगूस' म्हणतात ते आपल्या मराठीवरून. इंग्रजी कोशांतही व्युत्पत्ती 'मराठी' अशीच दिलेली असते.

मुक्तछंद

अगदी! आणि याच्या पावत्या आहेत. पोर्तुगीजमध्ये 'मांगुस्तो', फ्रेंचमध्ये 'मांगुस्त', जर्मनमध्ये 'मांगुस्टे'. गोवा-कोकणातून पोर्तुगीजांच्या बोटीत बसून गेलेला शब्द आहे हा. इंग्रजीने तर शेवटच्या तुकड्याचं स्पेलिंग 'गूस', म्हणजे बदक-हंसातलं ते, असं करून टाकलंय. समुद्रमांजराच्या कुळात इंग्रजांनी पाणपक्षीही आणला. अनेकवचन कसं करायचं यावरून त्यांचेच लोक अजून अडखळतात.

एक जोड हवी: तेलुगूत मुंगिस, कन्नडमध्ये मुंगुसि आहे. त्यामुळे मराठीनेही तो दक्षिणेकडून घेतला असण्याची शक्यता मोठी आहे. ढकलपत्र लिहिणाऱ्यांनी संस्कृतऐवजी द्राविडी लिहावं लागेल, ते ते लिहितील का माहीत नाही.

तिरकस_नाना

मुंगूस चालेल. हे मी पुढे पाठवतो. द्राविडी वाक्य वगळून.

उलटसुलट

नाना, निदान टँकरच्या गटावर नको.

अबोली

मुक्तछंदताई, शेवटचं विचारते. मांगुस्टेचं लिंग कोणतं? आमच्या पुस्तकात 'मुंगो' पण दिलाय.

मुक्तछंद

डेअर मुंगो, डी मांगुस्टे, डास एर्डमेन्शन. एकाच कुळात तिन्ही लिंगं. 'शन' शेवटी आलं की डोळे मिटून डास लाव, बाकीची दोन पाठ करण्यावाचून गत्यंतर नाही. शनिवारच्या चाचणीत तिन्ही विचारणार आहे.